राणी बंग

डॉ. राणी अभय बंग (माहेरचे आडनाव चारी) या महाराष्ट्रातील स्त्रीरोगतज्ज्ञ, सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील संशोधक व लेखिका आहेत. पती डॉ. अभय बंग यांच्यासह त्यांनी 'सर्च' या संस्थेची स्थापना केली. १९८६ पासून त्या गडचिरोली जिल्ह्यात आरोग्यसेवा व संशोधन करीत आहेत. ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांचे प्रमाण दाखवणारा त्यांचा शोधनिबंध १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्त्रियांचे आजार त्यांच्याच शब्दांत ऐकून घेणे आणि स्थानिक समजुती व रीतिरिवाज लक्षात घेऊन सल्ला व उपचार देणे, हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य मानले जाते. भारत सरकारने २०१८ मध्ये राणी व अभय बंग या दोघांना पद्मश्री पुरस्काराने सन्मानित केले.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

राणी बंग यांचा जन्म चंद्रपूर येथील चारी कुटुंबात झाला. त्यांनी नागपूर येथे एम.बी.बी.एस. पदवी घेतली आणि पुढे स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र या विषयात एम.डी. केले. डॉ. अभय बंग हे सर्वोदयी कार्यकर्ते ठाकुरदास बंग व सुमन बंग यांचे पुत्र होत. विवाहानंतर या दांपत्याने प्रथम वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत आरोग्यसेवेचे काम केले. त्या काळात केवळ औषधोपचाराने गावाचे आरोग्य सुधारत नाही, आजारामागची कारणे शोधण्यासाठी संशोधनाचीही गरज आहे, अशी त्यांची धारणा झाली. त्यामुळे दोघांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. १९८४ मध्ये ते पूर्ण झाल्यावर दोघे भारतात परतले आणि त्यांनी गडचिरोली हे कार्यक्षेत्र निवडले.

कार्यक्षेत्र : प्रदेश आणि भाषा

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३९ टक्के आहे. गोंड व माडिया या येथील प्रमुख आदिवासी जमाती होत. भातशेती, तेंदूपाने, मोहफुले, बांबू व अन्य वनोपज यांवर येथील अर्थव्यवस्था अवलंबून आहे. पावसाळ्यात नदीनाल्यांमुळे अनेक गावांचा संपर्क तुटतो.

आरोग्यसेवेच्या दृष्टीने या प्रदेशातील भाषिक विविधता महत्त्वाची ठरते. जिल्ह्याच्या उत्तर व पश्चिम भागात आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात मराठीची झाडीबोली प्रचलित आहे. या बोलीत 'ण'ऐवजी 'न' आणि 'ळ'ऐवजी 'र' असे उच्चार होतात. उदाहरणार्थ, 'पाणी'ला 'पानी' आणि 'डोळा'ला 'डोरा' म्हटले जाते. धानोरा, कुरखेडा, कोरची या तालुक्यांत गोंडी, तर भामरागड, एटापल्ली व अहेरी या भागांत माडिया बोलली जाते. गोंडी व माडिया या द्राविडी कुळातील असल्याने मराठीहून त्यांची घडण सर्वस्वी वेगळी आहे. सिरोंचाकडे तेलुगू, छत्तीसगडच्या सीमेवर छत्तीसगढी आणि मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांतील पुनर्वसित वस्त्यांत बंगाली बोलली जाते.

शहरात शिकून आलेला डॉक्टर प्रमाण मराठी, हिंदी किंवा इंग्रजी संज्ञा वापरतो आणि रुग्ण आपल्या बोलीत दुखणे सांगतो. हे अंतर केवळ भाषांतराने भरून निघत नाही, कारण आजाराची कल्पनाच दोन्हीकडे वेगळी असू शकते. राणी बंग यांच्या कामाचा मोठा भाग हे अंतर समजून घेण्याशी निगडित आहे.

'सर्च'ची स्थापना आणि पहिला धडा

'सर्च' हे 'सोसायटी फॉर एज्युकेशन, ॲक्शन अँड रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' या नावाचे लघुरूप आहे. संस्थेचे काम गडचिरोली शहरात एका जुन्या गोदामात सुरू झाले. आरंभी बंग दांपत्याने आदिवासींमधील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अभ्यास केला. जिल्ह्यात हा विकार आढळत असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. मात्र लोकांनी त्यात फारसे स्वारस्य दाखवले नाही. या आजारावर त्या वेळी कायमचा उपचार नव्हता आणि लोकांना रोज भेडसावणाऱ्या दुखण्यांत त्याचे स्थान वरचे नव्हते. शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा प्रश्न आणि लोकांना महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हे एकच असतील असे नाही, हा त्या अनुभवाचा निष्कर्ष होता. पुढील काळात संस्थेने संशोधनाचे विषय लोकांच्या गरजांवरून निवडण्याचे धोरण स्वीकारले.

स्त्रीरोगांचा अभ्यास (१९८९)

१९८० च्या दशकात विकसनशील देशांतील स्त्री-आरोग्य कार्यक्रम प्रामुख्याने बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपुरते मर्यादित होते. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या जननेंद्रियांच्या आजारांविषयी रुग्णालयांतील आकडेवारी उपलब्ध होती. परंतु ज्या स्त्रिया रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांची स्थिती ठाऊक नव्हती. गडचिरोलीतील दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांशी बोलताना असे आजार मोठ्या प्रमाणावर असावेत, असे राणी बंग यांना जाणवले. त्यावरून गडचिरोली तालुक्यातील वसा आणि अमिर्झा या गावांत लोकसंख्याधारित अभ्यास करण्यात आला.

या अभ्यासात ६५० स्त्रियांच्या मुलाखती, शारीरिक तपासणी व प्रयोगशाळा चाचण्या झाल्या. त्याचे प्रमुख निष्कर्ष पुढीलप्रमाणे होते :

• ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रारी सांगितल्या, तर ४५ टक्के स्त्रियांना कोणतीही लक्षणे नव्हती.
• ९२ टक्के स्त्रियांत एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले.
• दर स्त्रीमागे अशा आजारांची सरासरी ३.६ होती.
• एकूण आजारांपैकी निम्मे आजार जननमार्गाच्या संसर्गाचे होते.
• यापूर्वी केवळ ८ टक्के स्त्रियांची स्त्रीरोग तपासणी झाली होती.

हा निबंध जानेवारी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामीण भागातील स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या अभ्यासांत त्याची गणना होते. १९९४ मध्ये कैरो येथे भरलेल्या लोकसंख्या व विकासविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत केवळ लोकसंख्या नियंत्रणाऐवजी प्रजनन आरोग्याचा व्यापक दृष्टिकोन स्वीकारण्यात आला. भारतात १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. या धोरणात्मक बदलाच्या चर्चेत गडचिरोलीच्या अभ्यासाचा उल्लेख वारंवार केला जातो.

ऐकण्यावर आधारित समुपदेशन पद्धती

रुग्णाचे शब्द

तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के आणि प्रत्यक्ष आजार असलेल्या ९२ टक्के स्त्रिया यांतील तफावतीमुळे एक वेगळा प्रश्न पुढे आला. स्त्रिया आजार सांगत का नाहीत? लाज, पुरुष डॉक्टरांचा संकोच, अंतर, पैसा व वेळेचा अभाव ही कारणे सर्वपरिचित होती. त्यांच्या जोडीला, कोणत्या त्रासाला आजार म्हणायचे आणि कोणता त्रास बाईच्या वाट्याला येणारच असे समजून सोसायचा, याविषयीची समाजाची धारणाही कारणीभूत होती.

राणी बंग यांनी गावातील स्त्रिया व सुईणी यांच्याशी संवाद साधून शरीराचे अवयव, मासिक पाळी, गर्भधारणा, वंध्यत्व, गर्भपात व श्वेतप्रदर यांविषयीचे स्थानिक शब्द आणि समजुती नोंदवल्या. श्वेतप्रदरासाठी ग्रामीण मराठीत 'अंगावर पांढरे जाणे' असा शब्दप्रयोग रूढ आहे. शरीरातील उष्णता वाढल्याने ते होते आणि त्यातून शरीराचे सत्त्व निघून जाऊन अशक्तपणा येतो, अशी समजूत आहे. डॉक्टरांच्या लेखी हे एक लक्षण असते, तर त्या स्त्रीच्या लेखी कंबरदुखी, थकवा, कामाचा ताण व मनाची उदासी यांचे ते मूळ असते. 'काही नाही, गोळ्या घ्या' असे सांगितल्यास तिच्या शंकेचे निरसन होत नाही आणि ती पुन्हा वैदूकडे किंवा पुजाऱ्याकडे वळते. श्वेतप्रदराविषयीच्या ग्रामीण स्त्रियांच्या कल्पनांवरील बंग दांपत्याचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

समजुतीशी व्यवहार

स्थानिक समजुतींचा आदर करणे म्हणजे प्रत्येक समजूत मान्य करणे नव्हे. या पद्धतीत प्रथा सामान्यतः तीन प्रकारे पाहता येतात. आईच्या सोबतीला वडीलधाऱ्या बाईने राहणे, बाळंतिणीला कष्टाच्या कामातून विश्रांती देणे यांसारख्या प्रथा उपकारक असतात व त्या टिकवायच्या असतात. काही प्रथा निरुपद्रवी असतात व त्यांना हात लावण्याची गरज नसते. बाळंतिणीला उपाशी ठेवणे, पहिले दूध काढून टाकणे, नवजात बाळाला उघडे ठेवणे किंवा लगेच आंघोळ घालणे यांसारख्या प्रथा मात्र जीवघेण्या ठरू शकतात. त्या बदलण्यासाठी त्यांमागचे कारण आधी समजून घ्यावे लागते. आईला उपदेश करून भागत नाही. घरातील निर्णय ज्यांच्या हाती असतो त्या सासूशी व पतीशीही बोलावे लागते.

वैद्यकीय मानवशास्त्रातील समांतर विचार

मानसोपचारतज्ज्ञ व मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी तैवानमधील अभ्यासाच्या आधारे १९८० मध्ये अशीच भूमिका मांडली होती. आजार कशामुळे झाला, तो किती गंभीर आहे आणि त्यावर काय करावे, याविषयी रुग्णाचे स्वतःचे स्पष्टीकरण असते. उपचारकाने ते विचारून घेतले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. चीनमधील हुनान येथील पुढील अभ्यासात, मनाचे दुःख अनेक रुग्ण डोकेदुखी, निद्रानाश व अशक्तपणा अशा शारीरिक तक्रारींतून व्यक्त करतात, असे त्यांना आढळले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत रुग्णाच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीविषयी विचारावयाच्या प्रश्नांचा संच समाविष्ट झाला. गडचिरोलीतील काम मानसोपचाराच्या क्षेत्रातून आलेले नसले, तरी रुग्णाच्या स्पष्टीकरणापासून प्रारंभ करणे हे दोहोंतील साम्य आहे.

माँ दंतेश्वरी दवाखाना आणि शोधग्राम

गडचिरोलीपासून धानोरा मार्गावर चातगावजवळ 'सर्च'चे शोधग्राम हे केंद्र आहे. ते १९९३ मध्ये उभारण्यात आले. तेथील दवाखान्याची रचना आदिवासींशी झालेल्या चर्चेतून ठरली. सरकारी रुग्णालय उपलब्ध असूनही आदिवासी तेथे का जात नाहीत, असे त्यांना विचारण्यात आले होते. त्यांनी सांगितलेली कारणे वैद्यकीय व्यावसायिकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळी होती. रुग्णालयाची इमारत मोठी व भुलभुलैयासारखी असते. तेथील लोक पांढरे कपडे घालतात आणि पांढरे वस्त्र तर मृतदेहाला गुंडाळतात. रुग्णाला नातेवाइकांपासून वेगळे ठेवले जाते. शिवाय रुग्णालयात देव कुठे असतो, असाही त्यांचा प्रश्न होता.

या उत्तरांनुसार दवाखाना एका मोठ्या इमारतीऐवजी आदिवासी खेड्यासारखा, सुट्या झोपड्यांच्या स्वरूपात बांधण्यात आला. रुग्णासोबत नातेवाइकांना राहता येईल अशी व्यवस्था झाली. बस्तर व लगतच्या प्रदेशातील आदिवासींची आराध्यदेवता असलेल्या दंतेश्वरीचे मंदिर परिसरात उभारण्यात आले आणि दवाखान्यालाही तिचेच नाव देण्यात आले. देवीच्या वार्षिक जत्रेच्या निमित्ताने गावोगावचे प्रतिनिधी एकत्र येऊन आपल्या आरोग्यविषयक अडचणी मांडतात. हिवतापासारख्या प्रश्नांवरील कामाला अशा चर्चांतून दिशा मिळाली.

रचनेतील हे बदल समुपदेशनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहेत. घाबरलेला व नातलगांपासून तुटलेला रुग्ण मोकळेपणाने बोलत नाही. तो बोलला नाही, तर आजाराचा पूर्ववृत्तांत अपुरा राहतो आणि निदान चुकण्याचा धोका वाढतो.

सुईणी आणि आरोग्यदूत

गावातील अनुभवी सुईणींचे ज्ञान व स्थान लक्षात घेऊन त्यांना आरोग्यसेवेत सामील करून घेण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या सुईणीला बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा, यासाठी मणी व वाळूचे घड्याळ असलेले श्वासमापक साधन तयार करण्यात आले. एका मिनिटातील श्वास मोजून धोक्याची पातळी ओलांडली की नाही, हे आकडे न वाचता त्यावरून समजते.

१९९५ पासून 'सर्च'ने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातीलच प्रशिक्षित स्त्रिया म्हणजे 'आरोग्यदूत' प्रसूतीच्या वेळी उपस्थित राहत, पुढील दिवसांत घरी भेटी देत, आईला स्तनपान, ऊब व स्वच्छतेविषयी मार्गदर्शन करीत आणि जंतुसंसर्ग आढळल्यास प्रतिजैविके देत. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे. भारत सरकारने २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरी नवजात शिशूंची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला.

आरोग्यदूत त्याच गावात राहणारी व तेथील बोली बोलणारी असते. त्या घरातील सासू-सुनेचे संबंध, आर्थिक स्थिती व रीतिरिवाज तिला ठाऊक असतात. त्यामुळे बाहेरून आलेल्या तज्ज्ञाचा जो सल्ला परका वाटतो, तोच तिच्या तोंडून आल्यास स्वीकारला जाण्याची शक्यता वाढते. मात्र खासगीपणाचा प्रश्न येथे अधिक नाजूक होतो. एकाच गावात राहणाऱ्या व्यक्तीला गुप्तरोग, गर्भपात किंवा घरातील मारहाण सांगणे स्त्रीला अवघड जाऊ शकते. अशा बाबतीत गावाबाहेरच्या दवाखान्यातील स्त्री डॉक्टर अधिक सोयीची ठरते.

राणी बंग व सहकाऱ्यांनी घरी होणाऱ्या बाळंतपणातील मातांच्या आजारांचाही अभ्यास केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७७२ स्त्रियांचे निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी ५२.६ टक्के स्त्रियांना प्रसूतीच्या वेळी किंवा नंतरच्या काळात काही ना काही आजार झाला आणि ३४.७ टक्के स्त्रियांना वैद्यकीय मदतीची गरज होती. बाळंतपणानंतरच्या तक्रारींत स्तनांचे विकार, रक्तस्राव व संसर्ग यांसोबत निद्रानाशाचीही नोंद आहे.

तारुण्यभान

किशोरवयीन व तरुण मुलामुलींसाठी राणी बंग यांनी 'तारुण्यभान' हा लैंगिकता शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. शरीररचना, मासिक पाळी, गर्भधारणा, लैंगिक आजार, आकर्षण व प्रेम, व्यसने आणि नात्यांतील जबाबदारी हे विषय त्याच्या शिबिरांत हाताळले जातात. शरीराविषयी मोकळेपणाने बोलण्यास शब्दच नसणे ही मराठी समाजातील सर्वसाधारण अडचण आहे. बोलीतील शब्द शिवीसारखे वाटतात आणि संस्कृतप्रचुर शब्द कळत नाहीत. स्त्रियांशी संवाद साधताना आलेला शब्दांचा हा प्रश्न तरुणांबाबतही कायम राहतो. आदिवासी भागातील गोटुल या युवागृहाच्या परंपरेमुळे तेथील तरुणांची पार्श्वभूमी शहरी मुलांपेक्षा वेगळी असते, हेही येथे विचारात घ्यावे लागते.

दारू व तंबाखूविरोधी कार्य

स्त्रियांच्या आरोग्याविषयी गावागावांत चर्चा सुरू झाल्यावर स्त्रियांनी आपल्या दुःखाचे एक मोठे कारण म्हणून पुरुषांच्या दारूकडे बोट दाखवले. मारहाण, कर्ज, मुलांची उपासमार व मानसिक ताण या सर्वांशी दारूचा संबंध होता. यातून उभ्या राहिलेल्या जनआंदोलनात बंग दांपत्याचा पुढाकार होता. १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वेगळ्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली. राज्य मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये ती उठवली. बेकायदा विक्री व अंमलबजावणीतील त्रुटी हे या निर्णयाच्या समर्थनार्थ मांडलेले प्रमुख मुद्दे होते, तर स्त्री संघटना व दारूबंदी समर्थकांनी त्यास विरोध केला.

आदिवासी समाजात मोहाच्या दारूचे स्थान धार्मिक विधी व सामाजिक प्रसंगांशी निगडित आहे. देवाला वाहिलेली दारू आणि बाजारातून विकत आणून रोज प्यायलेली दारू यांत समाज स्वतःही फरक करतो. व्यसनमुक्तीचे समुपदेशन करताना हा फरक ध्यानात न घेतल्यास ते आपल्या संस्कृतीवरील टीका म्हणून नाकारले जाऊ शकते. २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा जिल्हाव्यापी उपक्रम सुरू झाला. गावसंघटना, जनजागृती, अंमलबजावणी आणि व्यसनी व्यक्तींवर उपचार ही त्याची अंगे आहेत. सुपारी, तंबाखू व चुना यांचे मिश्रण असलेला 'खर्रा' हा या प्रदेशातील तंबाखू सेवनाचा सर्वाधिक प्रचलित प्रकार असल्याने त्यावर विशेष भर दिला जातो.

मानसिक आरोग्याशी संबंध

भारतात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला. २०२२ मध्ये 'टेलि-मानस' ही दूरध्वनीवरील समुपदेशन सेवा अनेक भारतीय भाषांत सुरू करण्यात आली. तथापि गोंडी व माडिया या भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाहीत आणि या भाषा बोलणारे प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ वा समुपदेशक दुर्मीळ आहेत. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये सादर केलेल्या अहवालात आदिवासींच्या दहा विशेष आरोग्य समस्यांमध्ये व्यसन व मानसिक आरोग्याचा समावेश केला आहे.

दुभाष्यामार्फत चालणाऱ्या समुपदेशनाला मर्यादा असतात. रुग्णाचा पती, मुलगा किंवा शेजारी दुभाषी असेल, तर काही गोष्टी सांगितल्याच जात नाहीत आणि काही भाषांतरात गाळल्या जातात. दुःख, भीती, चिंता यांसाठीचे शब्द एका भाषेतून दुसरीत जसेच्या तसे जात नाहीत. 'बाहेरची बाधा' या शब्दांत एखादी व्यक्ती भीती, शेजाऱ्याशी भांडण, मृत्यूचा शोक किंवा अपस्मार यांपैकी काहीही सांगत असू शकते. जादूटोण्याच्या संशयाची सामाजिक बाजू अधिक गंभीर असते, कारण त्यातून दुसऱ्या व्यक्तीवर, बहुधा एकट्या वा विधवा स्त्रीवर, अत्याचार होण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा लागू झाला. अशा प्रसंगी समजूत ऐकून घेणे आणि हिंसेला थारा न देणे ही दोन्ही कर्तव्ये उपचारकाला एकाच वेळी पार पाडावी लागतात.

भाषा शिकून विश्वास मिळवण्याचे याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे आढळते. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया भाषा आत्मसात करून उपचार सुरू केले.

लेखन

• कानोसा – गडचिरोलीतील स्त्रियांच्या आरोग्यविषयक अनुभव व कल्पनांवरील मराठी पुस्तक.
• गोईण – आदिवासी स्त्री-पुरुषांचे झाडांशी असलेले नाते, वनस्पतींचे उपयोग व त्यांविषयीच्या लोकसमजुती यांची नोंद करणारे पुस्तक.
• पुटिंग विमेन फर्स्ट : विमेन अँड हेल्थ इन अ रूरल कम्युनिटी (२०१०) – सुनंदा खोरगडे व रूपा चिनाई यांच्यासह लिहिलेले इंग्रजी पुस्तक.

यांपैकी 'कानोसा' या शीर्षकाचा अर्थ कान देऊन हळूच ऐकणे असा आहे.

मूल्यमापन आणि चर्चा

१९८९ च्या अभ्यासातील ९२ टक्के या आकड्याबाबत पुढे संशोधकांत चर्चा झाली. अभ्यास दोन गावांपुरता होता, सर्व पात्र स्त्रिया तपासणीस आल्या नव्हत्या आणि कोणत्या स्थितीला आजार म्हणायचे यावर एकूण प्रमाण अवलंबून असते. भारतातील व अन्य देशांतील नंतरच्या अभ्यासांत व्याख्या व तपासणीच्या पद्धतीनुसार वेगवेगळे प्रमाण आढळले. मात्र स्त्रीरोग मोठ्या प्रमाणावर असून उपचाराविना राहतात, या मूळ निष्कर्षाला या चर्चेने बाधा आली नाही.

दुसरा मुद्दा लक्षण व आजार यांच्या संबंधाचा आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या अभ्यासात, श्वेतप्रदराची तक्रार आणि प्रत्यक्ष जननमार्गाचा संसर्ग यांचा संबंध क्षीण असून मानसिक व सामाजिक ताणांशी तो अधिक दृढ असल्याचे दिसून आले. वरकरणी ही दोन्ही निरीक्षणे विरोधी भासतात. गडचिरोलीत तक्रार न करणाऱ्या स्त्रियांमध्येही आजार सापडले, तर गोव्यात तक्रार करणाऱ्या अनेक स्त्रियांमध्ये संसर्ग सापडला नाही. दोन्हींचा व्यावहारिक अर्थ मात्र एकच निघतो. केवळ तक्रारीवरून औषध देणे किंवा तक्रार नाही म्हणून तपासणी टाळणे, दोन्ही अपुरे आहे. तपासणी आणि संभाषण यांची जोड आवश्यक ठरते.

स्वयंसेवी संस्थेच्या समर्पित मनुष्यबळावर उभे राहिलेले काम सरकारी यंत्रणेत त्याच दर्जाने करता येईल का, हाही प्रश्न उपस्थित केला जातो. घरभेटींची संख्या, औषधांचा पुरवठा व प्रशिक्षण यांचे शासकीय कार्यक्रमात अनुकरण करता येते. ऐकून घेण्यासाठी लागणारा वेळ व गुप्तता यांची हमी देणे त्या तुलनेत कठीण असते. संस्कृतीचा विचार करताना ती गोठलेली समजू नये, असेही अभ्यासक सुचवतात. रस्ते, भ्रमणध्वनी, आश्रमशाळा व स्थलांतर यांमुळे गडचिरोलीतील तरुण पिढीच्या आरोग्यविषयक कल्पना आधीच्या पिढीहून वेगळ्या होत आहेत.

पुरस्कार आणि सन्मान

• महाराष्ट्र भूषण, २००३ (अभय बंग यांच्यासह)
• 'टाइम' साप्ताहिकातर्फे जागतिक आरोग्यवीर म्हणून निवड, २००५ (अभय बंग यांच्यासह)
• मॅकआर्थर फाउंडेशनचा संस्थांसाठीचा पुरस्कार, २००६ ('सर्च' संस्थेस)
• पद्मश्री, २०१८ (अभय बंग यांच्यासह)

हे सुद्धा पहा

• अभय बंग
• शोधग्राम
• लोकबिरादरी प्रकल्प
• गडचिरोली जिल्हा
• झाडीबोली
• गोंडी भाषा